कच्च्या सुताचा लगाम

सोलापुरात मी खोली शोधत फिरत होते, तेव्हा ज्या ज्या घरी गेले तिथे मला आधी गाव विचारलं गेलं, मग नवरा कुठे असतो ते विचारलं गेलं, आणि तो वारला असं सांगितल्यावर पुढचं काहीच विचारलं गेलं नाही. विजापूर वेशीजवळच्या एका म्हाताऱ्यानं मात्र यातलं काही विचारलं नाही. मी ओट्याखाली चपला काढून आत त्याच्या बहिणीशी बोलायला गेले. बाहेर आले तर तो माझ्या दोन्ही चपला उलट्या करून उन्हाकडे धरून निरखत होता.

"डावी जास्ती झिजलीया," तो म्हणाला. "वजन डाव्या खांद्यावर घेता. पर टाच सरळ पडती. ऱ्हावा हितं."

अशी मला खोली मिळाली.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्याला सुईणीचं शिक्षण घेऊन सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नुकतीच लागले होते. काम शहरातल्या चाळींमधून आणि आसपासच्या खेड्यांमधून बाळंतपणं करण्याचं. औषधांची आणि हत्यारांची जड पिशवी सदा डाव्या खांद्याला असे, ते त्या म्हाताऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. खेड्यांतल्या फिरतीसाठी दवाखान्याच्या कमिटीनं एका घोड्याची टमटम देऊ केली होती. त्यामुळे जिच्या मागे घोडं बांधता येईल अशीच खोली मला हवी होती. या घरामागे ऐसपैस अंगण होतं, मधोमध विहीर, विहिरीवर लिंबाची सावली आणि कडेला एक तबेला. तबेला रोज सकाळी झाडला जाई, पण आत घोडं नव्हतं. किती वर्षांपासून नव्हतं हे मला पुढे कळलं.

वेशीतली माणसं त्यांना चाबुकस्वार म्हणत. तरण्या घोड्यांना शिकवून स्वारीला तयार करतो तो चाबुकस्वार. त्यांचा बाप, आजा, सगळे एका लहानशा संस्थानाच्या पागेत हेच काम करत आले होते. हेही तिथेच वाढले, आणि ऐन उमेदीत नोकरी सोडून बहिणीकडे सोलापूरला आले. मी त्यांना चाचा म्हणू लागले. त्यांच्या थोरल्या बहिणीला सगळा मोहल्ला आपा म्हणे, मीही म्हणे. नवलाची गोष्ट अशी की या चाबुकस्वारांच्या घरात चाबूक नव्हता. ते घोड्यावर बसत नसत, टांग्यातही बसत नसत. स्टेशनापर्यंत जायचं तरी भर उन्हात पायी. चाबकाचं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चाबूक बापाचा हुता. माज्याकडं नुसतं नाव आलं."

लोकांच्या पायातले जोडे पाहण्याचा त्यांना नाद होता. कुणाच्या लग्नाला गेले तरी मांडवाबाहेर जोड्यांच्या रांगेपाशीच त्यांचा निम्मा वेळ जाई. घरी आल्यावर आपा विचारी, जेवणात काय होतं. ते त्यांना सांगता येत नसे. पण नवरदेवाचा बाप उजव्या पायावर कलतो, वकीलसाहेबांची टाच बाहेरून झिजली आहे, त्यांना कंबर धरण्याचा त्रास असणार, असं सगळं ते सांगत बसत. एकदा तर त्या वकीलसाहेबांना भर रस्त्यात थांबवून त्यांनी दोन्ही पायांवर सारखं उभं राहायला लावलं होतं. वकील चिडले नाहीत. वेशीत त्यांच्यावर कुणी चिडत नसे. ते वेडे आहेत असं सर्वांनी प्रेमानं ठरवून टाकलं होतं.

दुपारी मिलचा भोंगा झाला की ते स्टेशनाच्या टांगा अड्ड्यावर जात. रांगेतल्या एकेका घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यात बोट घालून पाहत. कुठे चिरलेलं सापडलं तर त्या टांगेवाल्याशी भांडत नसत. नुसते त्याच्याकडे टक लावून बघत उभे राहत. टांगेवाले त्यांना बघून हसत, चहा पाजत, आणि ते गेल्यावर गुपचूप लगाम एक भोक सैल करत. हे मला एका टांगेवाल्यानंच सांगितलं.

माणसांशी ते मराठीत बोलत आणि घोड्यांशी दखनी उर्दूत. घोड्यांना मराठी कळत नाही का, असं मी चेष्टेनं विचारलं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं की कळतं, पण मराठीत मला राग लवकर येतो.

तर अशा घरात माझी घोडी आली.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत भरणाऱ्या जनावरांच्या बाजारातून कमिटीच्या चिटणिसांनी ती आणली होती. वय चार वर्षांचं, काळपट तांबडा रंग, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. दिसायला देखणी, स्वभावानं गरीब. पण तिला गाडीला जोडून मी लगाम हातात घेतला आणि पहिल्याच दिवशी माझा डावा हात खांद्यापासून भरून आला. आपल्या डोक्याचा सगळा भार तिनं माझ्या डाव्या हातात आणून ठेवला होता. उजवा लगाम रिकामा लोंबत होता. डावीकडे वळवायला म्हणून डावा लगाम ओढावा, तर ती जबडा आवळून त्यावर आणखी टेके आणि सरळच चालत राही. दवाखान्याचा गडी म्हणाला, बाई, घोडी एककल्ली आहे. कल्ला म्हणजे जबडा; आपण हट्टी माणसाला एककल्ली म्हणतो, तो शब्द मुळात अशा एकाच जबड्यावर टेकणाऱ्या घोड्यांचा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

चाचांनी तिला अंगणात पाहिलं तेव्हा ते बराच वेळ जवळच गेले नाहीत. मग गेले, तिच्या नाकाशी नाक नेऊन तिचा श्वास हुंगला, आणि बाही सारून आख्खा हात तिच्या तोंडात घातला. एकेक दात, एकेक हिरडी चाचपली. हे काम त्यांनी इतक्या सावकाश केलं की आपा दारात येऊन उभी राहिली आणि पुटपुटत काहीतरी म्हणू लागली. ती दुवा मागत होती हे मला नंतर समजलं. चाचांनी हात बाहेर काढला तेव्हा त्यांचं कपाळ घामानं डबडबलं होतं. तोंड साफ आहे, एवढंच ते म्हणाले, आणि आपा आत गेली.

त्यांनी मला सांगितलं की घोडीत खोट नाही. तरणं जनावर थोडं वाकडं असतंच, माणसाचं पोरही असतं. तीन-चार महिने मला द्या, मी तुम्हाला शिकवतो. मला नको, घोडीला शिकवा, असं मी म्हणाले. ते हसले. पण माझ्याजवळ तीन-चार महिने कुठले असायला? रोज कुठे ना कुठे कुणीतरी अडलेली असे.

पंधराच दिवसांत अपघात झाला. अक्कलकोटच्या रस्त्याला एक लहानसा पूल आहे, त्याच्या अलीकडे रस्ता एकदम डावीकडे वळतो. मी जोर लावून लगाम ओढला, घोडीनं तेवढ्याच जोरानं टेकून घेतलं, आणि आम्ही दोघी सरळ जाऊन शेताच्या दगडी बांधावर आदळलो. चाक मोडलं. माझ्या गुडघ्याला लागलं. घोडीला खरचटलं. दुसऱ्या दिवशी चिटणिसांनी मला बोलावून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण बाईमाणसानं स्वतः गाडी हाकावी हे त्यांना पहिल्यापासून रुचलं नव्हतं. त्यांनी मला चैत्रापर्यंतची मुदत दिली. तोवर घोडी वळणावर आली नाही तर ती विकायची, गाडी मोडीत काढायची आणि माझं काम शहरापुरतं ठेवायचं. खेड्यातल्या बायकांचं काय, असं मी विचारलं. पूर्वी त्यांचं जे होत होतं तेच, असं ते म्हणाले. आणि सोबत त्यांनी मला कापडात गुंडाळलेला एक लगाम दिला.

घरी येऊन मी तो उघडला. तोंडात जाणाऱ्या लोखंडी कांबीला आतल्या बाजूनं बोथट काटे होते. मी तो पिशवीच्या तळाशी लपवला. चाचांना दाखवला नाही. दाखवला असता तर पुढचं टळलं असतं.

आठवड्याभरानं, गाडीला नवं चाक बसलं होतं तेव्हा, मिलच्या पलीकडच्या चाळीतून बोलावणं आलं. पहिलटकरीण होती, रात्रीपासून अडलेली. चाचा घरी नव्हते. मी घाईत होते, गुडघा अजून दुखत होता, आणि मला पुन्हा बांधावर आदळायचं नव्हतं. मी पिशवीतून तो लगाम काढून घोडीला चढवला. तिनं तोंड उघडायला कुरकुर केली नाही. मुळात गरीबच होती ती. त्या दिवशी गाडी सुतासारखी सरळ गेली. नुसतं बोट हलवलं तरी घोडी वळत होती. मी वेळेवर पोचले, मूल नीट जन्माला आलं, आणि परत येताना मला फार आनंद झाला होता. ते लिहायला आजही जड जातं, पण झाला होता.

चाचा विहिरीपाशी उभे होते. त्यांनी घोडीच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडाला फेस होता आणि तो गुलाबी होता.

 त्यांनी लगाम उतरवला, विहिरीचं पाणी शेंदलं, तुरटी टाकून घोडीचं तोंड धुतलं. ती मान झटकी तेव्हा तेवढं "बस मां, बस" म्हणत. सगळं झाल्यावर तो लगाम त्यांनी माझ्या दारात, उंबऱ्यावर आणून ठेवला. त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. घोडीचं दाणापाणी करत, तिला हातानं भिजवलेला कोंडा भरवत, आणि मी अंगणात आले की पाठ फिरवून आत जात.

पाचव्या दिवशी आपानं मला चुलीपाशी बसवून घेतलं. भाकऱ्या थापता थापता, माझ्याकडे न बघता, तिनं सांगितलं.

संस्थानच्या पागेत एक शिंगरू चाचांनी जन्मापासून वाढवलं होतं. तीन वर्षांचं झाल्यावर दसऱ्याच्या स्वारीसाठी धाकट्या सरकारांना तेच घोडं हवं असा हुकूम झाला. आणि ते घोडं डाव्या लगामावर टेकू लागलं. दसरा दहा दिवसांवर आलेला. चाचांना वाटलं, माजलं आहे. त्यांनी काटेरी लगाम चढवला. घोडं सरळ झालं. स्वारीत असं चाललं की धाकट्या सरकारांनी चाचांना सगळ्यांसमोर भरजरी फेटा बांधला. तिसऱ्या दिवशी घोड्यानं खाणं सोडलं. तेव्हा कुठे चाचांनी त्याच्या तोंडात हात घातला. उजव्या बाजूची मागची दाढ आतून सडून जबडा पुवानं भरला होता. उजवीकडे लगाम लागला की ठणका लागे, म्हणून ते बिचारं डावीकडे टेकत होतं.

"सांगत हुतं ते," आपा म्हणाली. "धा दिस सांगत हुतं. आन ह्येनं त्याचं तोंड बंद केलं."

घोडं मेलं. चाचांना कुणी बोल लावला नाही. उलट नवं घोडं देऊ केलं. त्यांनी तो फेटा तबेल्याच्या दारात ठेवला आणि चालत सोलापूरला आले. त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून ते कुठल्या जनावराच्या पाठीवर किंवा गाडीत बसले नाहीत. इथला तबेला रोज झाडतात, पण घोडं कधी आणलं नाही. तुझी घोडी आली तेव्हा मी घाबरले होते, असं आपा म्हणाली. तीही डावीकडेच टेकते म्हणून.

मी उठले. उंबऱ्यावरून आत नेऊन ठेवलेला तो लगाम बाहेर काढला, आणि अंगणात चाचा घोडीला खरारा करत होते तिथे गेले.  मी लगाम त्यांच्यासमोर विहिरीत टाकला. पाण्याचा आवाज झाला तशी घोडीनं कान टवकारले.

चाचा विहिरीत डोकावले. मग म्हणाले, "प्यायचं पानी हाय की ते."

मला रडू आलं आणि हसूही आलं. दुसऱ्या दिवशी गळ टाकून त्यांनी तो लगाम काढला आणि लोहाराकडून त्याचे दोन खिळे करून आणले. त्यांवर पुढे आम्ही घोडीचं सामान टांगत असू. आणि त्याच दिवशी माझं शिक्षण सुरू झालं.

पहिला महिना मी लगामाला हात लावला नाही; खेड्यांना बैलगाडीनं जाई. पिशवी उजव्या खांद्यावर घ्यायची, असा हुकूम झाला. तांदूळ निवडायचे ते डाव्या हातानं. सुई ओवायची ती डाव्या हातानं. काठोकाठ भरलेली दुधाची वाटी डाव्या हातात धरून विहिरीभोवती फेऱ्या घालायच्या. आपा हसून हसून बेजार होई. मी कुरकुर केली की चाचा माझी डावी मूठ धरून मला दाखवत. पिशवी वाहून वाहून ती मूठ खुंटीसारखी घट्ट झाली होती. घोडीनं टेकायला मागितलं की मी तिला खुंटी देत होते. "ती टेकती कारन तुमी टेकू देता," असं ते म्हणत. "दोगी एकमेकीला धरून उब्या हायसा. तुमी सोडा, मंग ती आपल्या पायावर उबी ऱ्हाईल."

इकडे ते घोडीला मोरकी घालून, म्हणजे तोंडात कांब न देता नुसत्या नाकावरून बांधून, तिची दोरी धरून लिंबाभोवती चालवत. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, लहान वर्तुळ, मोठं वर्तुळ. तिच्या तोंडाकडे ते बघतच नसत. नजर मागच्या पायांवर. आतल्या बाजूचा मागचा पाय पोटाखाली खोल पडला की गुळाचा खडा मिळे. मागून चालायला लागली की पुढून टेकायची गरज उरत नाही, हे त्यांचं सगळं शास्त्र होतं.

मग एके सकाळी त्यांनी माझ्या हातात लगाम दिला. डाव्या लगामाचं चामडं कडीपासून वीतभर कापून टाकलेलं होतं आणि त्या जागी एक पांढरा दोरा बांधलेला होता. शेजारी माग चालवणारं तेलुगू कुटुंब राहत असे. त्यांच्या घरून मागाखाली पडलेल्या सुताचे तुकडे चाचा मागून आणत. कच्चं सूत, एकेरी. फुंकर मारली तर तुटेल असं.

मी गाडीत बसले. चाचा मोरकीची दोरी धरून घोडीच्या डोक्याशी चालू लागले. दहा पावलं झाली नाहीत तोवर घोडी टेकली, माझी मूठ आवळली, आणि सूत तुटलं. घोडी धडपडली. डोक्याखालची उशी कुणी ओढून घेतल्यावर माणूस जसा दचकतो, तशी दचकली. चाचांनी खिशातून दुसरं सूत काढून बांधलं. त्या सकाळी किती वेळा तुटलं ते आठवत नाही. दुसऱ्या दिवशीही तुटतच होतं. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं की ते थांबत, तंबाखू मळत आणि मग पुन्हा बांधत. त्यांना कंटाळा आलेला मी पाहिला नाही. "इचारा आन सोडा," एवढंच ते म्हणत. "जबाबाची वाट बघा. धरून बसू नका."

विचारायचं आणि सोडायचं. दोन्ही बोटांच्या टोकावर. घोडी टेकायला येते आहे हे टेकण्याच्या आधी क्षणभर कळतं, हे मला तिसऱ्या आठवड्यात उमगलं. तिच्या मानेत एक बारीकसा ताण येतो. तेवढ्यात बोटं सैल केली की तिला तिथे काही सापडत नाही, आणि ती आपलं डोकं आपणच उचलून धरते. एका सकाळी आम्ही वेशीपासून तळ्यापर्यंत गेलो, तळ्याला वळसा घालून परत आलो, आणि सूत जसंच्या तसं होतं. चाचांनी ते सोडून घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, आणि घोडीच्या आयाळीत बांधून टाकलं. मग लगामाला पुन्हा चामडं जोडलं.

चैत्र लागून थोडेच दिवस झाले होते. दुपारी दोनच्या सुमाराला कुंभारीहून एक शेतकरी धावत आला. त्याची बायको सकाळी बाळंत झाली होती, मूल चांगलं होतं, पण बाई पांढरी पडत चालली होती. मी टमटम जोडली. चाचा बाजारात गेले होते. त्यांची वाट बघायला वेळ नव्हता.

कुंभारीला पोचले तर अंथरूण भिजलेलं. मी पोटावरून हात दाबून धरला की रक्त थांबे, हात काढला की पुन्हा लागे. माझ्याजवळच्या औषधानं भागण्यासारखं नव्हतं. तिला शहरात मोठ्या इस्पितळातच न्यायला हवं होतं. बैलगाडीनं संध्याकाळ झाली असती. मी टमटमीची मागची फळी काढून गादी घातली, तिला वर घेतलं, नवऱ्याला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसायला सांगितलं. माझा उजवा हात तिच्या पोटावर. मग लगाम कोण धरणार? नवरा म्हणाला, मी धरतो. त्यानं धरला. त्याचा बैलांचा हात, त्यानं मुठीत गच्च आवळला, आणि घोडीनं महिन्याभरात विसरलेलं सगळं आठवून जबडा टेकला. मी त्याच्याकडून लगाम काढून घेतला. दोन्ही लगाम डाव्या हातात घेतले, उजवा तसाच मागे दाबलेला, आणि अर्धी वळून बसले.

"मरंल का ओ ती?" त्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. तेच मी त्याला सांगितलं. तो तिच्या तोंडावर उपरण्यानं वारा घालत राहिला.

तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. ऊन मी म्हणत होतं, दोन्हीकडे काळ्या रानाला भेगा पडलेल्या, आणि घोडी एका लयीत चाललेली. माझं निम्मं लक्ष उजव्या हाताखालच्या पोटाच्या गोळ्यावर होतं. तो सैल पडतो आहे असं वाटलं की मी जोर लावी. आणि तोच जोर डाव्या हातात उतरू द्यायचा नाही. एका हातानं घट्ट धरायचं, त्याच वेळी दुसऱ्यानं सोडायचं. तांदूळ निवडले नसते तर मला ते जमलं नसतं. पूल ओलांडून त्या वळणापाशी आलो. आता परतताना ते उजवीकडचं झालं होतं, पण बांध तोच होता, आमच्या चाकानं पाडलेले दगड अजून तिथेच होते. घोडीनं ते पाहिले. मानेत तो बारीकसा ताण आला. मी करंगळीनं विचारलं आणि सोडलं. ती वळली. गादीवरच्या बाईला धक्कासुद्धा लागला नाही.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच आत घेतलं. दिवेलागणीला बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की वाचेल. नवरा भिंतीला टेकून खाली बसला. मी बाहेर आले तर घोडी होती तिथेच उभी, आणि तिच्या पुढ्यात चाचा. बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, ते तिथून पायी आले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी घोडीच्या तोंडात बोट घालून दोन्ही कोपरे पाहिले. मग माझा डावा तळवा उलगडून पाहिला. त्यावर लगामाचा वळही नव्हता.

"बाई जगली?" त्यांनी विचारलं.

"जगली."

त्यांनी माझा हात सोडला नाही. तसाच धरून इस्पितळाच्या पायरीवर बसून राहिले. 

घोडी विकायची गोष्ट चिटणिसांनी पुन्हा काढली नाही. पुढच्या सभेत त्यांनी माझी तारीफ केली म्हणतात, पण मला तिथे बोलावलं नव्हतं.

यानंतर साधारण दीड महिन्यानं घडलेली गोष्ट सांगते. ती मी कुणाला सांगितलेली नाही. सकाळची वेळ होती. मी खोलीच्या खिडकीत वेणी घालत होते. चाचांनी घोडीला विहिरीपाशी आणलं. गाडीला जोडायला आणली असेल असं मला वाटलं. पण त्यांनी तिच्या पाठीवर घडी केलेली घोंगडी टाकली, पट्टा आवळला आणि तिला विहिरीच्या कट्ट्याशी उभी केली. मग कितीतरी वेळ ते नुसते तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. काहीतरी बोलत होते. दखनीत बोलत असावेत, मला ऐकू आलं नाही. मग कट्ट्यावर चढून, साठी उलटलेल्या माणसाला जितक्या हळू बसता येईल तितक्या हळू, ते तिच्यावर बसले.

लिंबाभोवती त्यांनी एक फेरी घातली. मग उलट्या अंगानं दुसरी. लगाम इतका सैल की तो धरलेला आहे की नुसता ठेवलेला आहे ते कळू नये. मी वेणी अर्धवट सोडून पाहत होते. बावीस वर्षांपूर्वीचा तो प्रसिद्ध चाबुकस्वार घोड्यावर कसा बसत असेल याचं मी मनात एक चित्र केलं होतं. तसं काही नव्हतं. म्हातारपणानं म्हणा, की इतकी वर्षं सवय नसल्यामुळे म्हणा, ते चांगलेच डावीकडे कलून बसले होते. घोंगडीही त्यांच्याबरोबर घसरत होती. घोडीनं दोन-तीन पावलं डळमळत टाकली. मग तिनं आपली डावी बाजू जराशी त्यांच्या खाली सरकवली, त्यांचा तोल सावरून घेतला, आणि तशीच चालत राहिली.

ते उतरले तेव्हा मी बाहेर आले होते. मला पाहून ते ओशाळले. घोंगडी काढता काढता त्यांनी मला विचारलं की तुम्ही किती वेळ बघत होता. पहिल्यापासून, असं मी म्हणाले.

"वाकडा बसलो हुतो न्हवं मी?"

"हो चाचा. डावीकडे कलला होता."

"मग तिनं काय केलं?"

"सांभाळून घेतलं तुम्हाला."

ते घोडीच्या खांद्याला कपाळ लावून उभे राहिले. घोडी हलली नाही. मी तिथून जावं की थांबावं मला कळेना. थोड्या वेळानं त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "आपाला सांगू नका, बाई. उगंच रडत बसंल."

आपा मागच्या दारात उभी होती. हातात राखेनं माखलेलं पातेलं तसंच होतं, केव्हापासून उभी होती कोण जाणे. माझी आणि तिची नजरानजर झाली. तिनं मानेनंच मला गप्प राहायला सांगितलं आणि पावलांचा आवाज न करता ती आत चुलीकडे वळली.